मुलींना आधी मैदानाची वेळ द्या

२४ जून २०२७ रोजी ब्राझीलमध्ये महिला फुटबॉल विश्वचषक सुरू होईल, तेव्हा ठाण्या-नवी मुंबईतल्या बहुतेक मैदानांवर पावसाचे पाणी साचलेले असेल. स्पर्धेत ३२ संघ आहेत, सामने आठ शहरांत आहेत आणि अंतिम सामना २५ जुलैला, रविवारी आहे. रिओचे घड्याळ आपल्या साडेआठ तास मागे चालते. तिथे दुपारी एकला सुरू झालेला सामना आपल्याला रात्री साडेनऊला दिसेल, चारचा रात्री साडेबाराला आणि संध्याकाळी सातचा पहाटे साडेतीनला. म्हणून चौकाचौकांत मोठे पडदे लावून ‘मुलींना प्रोत्साहन’ देण्याची कल्पना कुणी मांडली, तर ती तिथेच बाजूला ठेवावी. शाळकरी मुलीला मध्यरात्री चौकात कोण पाठवणार? शिवाय फुटबॉल बघायला मिळत नाही अशी तिची अडचणच नाही, तो मोबाइलवरही दिसतो. खेळायला जागा आणि वेळ मिळत नाही, ही तिची अडचण आहे. या विश्वचषकाच्या निमित्ताने ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी एकच काम करावे. आपल्या मैदानांवर आठवड्यातले ठरावीक तास मुलींसाठी लेखी राखून ठेवावेत आणि किमान वर्षभर त्यांना हात लावू नये.

ही मागणी किरकोळ वाटत असेल, तर या खेळाचा इतिहास पाहावा. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज या कामगार मुलींच्या संघाचा सामना बघायला सुमारे ५३,००० लोक आले होते. वर्षभराच्या आत, ५ डिसेंबर १९२१ ला इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ठराव केला की, संलग्न क्लबांनी आपली मैदाने महिलांच्या सामन्यांना देऊ नयेत. खेळणे गुन्हा ठरवले नव्हते, मैदानांची दारे तेवढी बंद केली होती. एवढ्यावर तिथला महिला फुटबॉल जवळपास ५० वर्षे मागे गेला. पश्चिम जर्मनीत १९५५ ते १९७० या काळात तेच झाले. ज्या ब्राझीलमध्ये आता विश्वचषक होतो आहे, तिथे तर १९४१ च्या सरकारी हुकमाने ‘स्त्रीच्या प्रकृतीशी विसंगत’ खेळ महिलांना मना केले होते. ती बंदी १९७९ मध्ये उठली आणि महिला फुटबॉलचे रीतसर नियमन १९८३ मध्ये सुरू झाले. त्याच देशातल्या मार्ताने पुढे विश्वचषकांत १७ गोल केले. महिला विश्वचषकात एवढे गोल दुसऱ्या कुणाच्याही नावावर नाहीत.

आपल्याकडे कुणीही बंदी घातलेली नाही, पण मैदानावरचे चित्र फारसे वेगळे नाही. कोणत्याही सार्वजनिक मैदानावर संध्याकाळी पाच ते आठ या वेळात उभे राहून मोजावे. मधल्या पट्टीवर क्रिकेटचे तीन-चार डाव एकमेकांत मिसळून चाललेले असतात, एका टोकाला मुलांचा फुटबॉल असतो आणि कडेने चालणाऱ्यांची फेरी सुरू असते. मुली दिसतात त्या कठड्यावर बसलेल्या किंवा बॅडमिंटनची रॅकेट घेऊन कोपऱ्यात. कुणी त्यांना हाकललेले नसते. जो आधी येतो, जो रोज येतो आणि ज्याच्या हातात बॅट असते, त्याचे मैदान होते. ‘मैदान सगळ्यांचे आहे’ या वाक्याचा व्यवहारातला अर्थ एवढाच उरतो.

नवी मुंबईला तर हा प्रश्न अधिक लागू पडतो. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ६ फेब्रुवारी २०२२ ला महिला आशिया चषकाचा अंतिम सामना झाला. दोन गोलांनी मागे पडलेल्या चीनने दक्षिण कोरियाला ३-२ असे हरवले. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला तिथेच सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला आणि स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवले. कोलंबियाची लिंडा कायसेडो त्या दिवशी नेरुळला खेळली आणि नऊ महिन्यांनी मोठ्या विश्वचषकात जर्मनीविरुद्ध गोल करत होती. २ नोव्हेंबर २०२५ ला याच स्टेडियमवर भारताच्या महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. चार वर्षांत एका उपनगरात महिलांच्या खेळातले तीन मोठे अंतिम सामने! पण मोठे स्टेडियम सामन्यासाठी असते, ते खासगी आहे आणि त्याने आपले काम चोख केले. पाहुणे गेल्यावर शेजारच्या सेक्टरातल्या बारा वर्षांच्या मुलीसाठी काय उरले, याचे उत्तर महापालिकेच्या मैदानांनी द्यायचे असते. २०१७ मध्ये मुलांच्या विश्वचषकासाठी नेरुळचे यशवंतराव चव्हाण मैदान सरावायोग्य केले गेले, खारघरला सिडकोचे फुटबॉल केंद्र उभे राहिले. गवत तयार आहे, त्यावरचे वेळापत्रक बदलायचे आहे.

भारताच्या ज्येष्ठ महिला संघाने विश्वचषक अजून एकदाही खेळलेला नाही. पण हा संघ कमकुवत आहे असे समजू नये. जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच चियांग मायमध्ये २-१ ने हरवून भारताने २०२६ च्या आशिया चषकात प्रवेश मिळवला. पात्रता फेरी जिंकून तिथे पोहोचण्याची ही पहिलीच वेळ होती. दोन्ही गोल बंगालच्या संगीता बासफोरचे होते. थायलंड दोनदा विश्वचषक खेळलेला संघ, हे लक्षात घेतले की या विजयाचे वजन कळते. दुसरीकडे, ऑक्टोबर २०२२ मध्ये यजमान म्हणून थेट प्रवेश मिळालेल्या आपल्या सतरा वर्षांखालील मुली भुवनेश्वरला अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ अशा हरल्या. तीन सामन्यांत १६ गोल झाले आणि आपला एकही नाही. त्या मुलींच्या जिद्दीत काही कमी नव्हते. शिबिरात दमसास वाढतो, पण चेंडू पायाशी येण्याआधी मान वळवून मागे कोण आहे हे बघण्याची सवय शिबिरात लागत नाही. ती सात-आठ वर्षांच्या वयापासून रोज खेळून लागते.

साधा हिशेब करू. आठव्या वर्षी मैदानावर यायला लागलेला मुलगा आठवड्यातून पाच दिवस तासभर खेळला आणि पाऊस-परीक्षा वगळून वर्षाचे ४० आठवडे धरले, तर वर्षाला २०० तास होतात. चौदाव्या वर्षापर्यंत १,२०० तास होतात आणि त्यासाठी कुणी प्रशिक्षक लागलेला नसतो. मुलीच्या वाट्याला मात्र बहुधा शाळेचा पीटीचा तास येतो आणि तोही परीक्षा जवळ आली की गणिताला जातो. मग जुलै-ऑगस्टात शालेय स्पर्धा किंवा सुब्रतो कप या आंतरशालेय फुटबॉल स्पर्धेची फेरी आली की आठ-दहा दिवस आधी कबड्डी आणि खो-खोच्या मुली गोळा करून अकराचा संघ उभा केला जातो. त्या चपळ असतात, पण चेंडू थांबवायला पायाचा आतला भाग वापरायचा हेही त्यांना नीट सांगितलेले नसते. १०५ बाय ६८ मीटरच्या चिखलात त्या ०-९ ने हरतात. मग अहवालात येते, ‘मुलींचा प्रतिसाद नाही.’ हा निष्कर्ष अन्यायकारक आहे.

आता तास राखायचे म्हणजे नेमके काय करायचे? सगळ्यात आधी शाळांच्या वेळा बघाव्या लागतील. महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत सकाळ आणि दुपार अशी दोन सत्रे असतात. ‘संध्याकाळी पाच ते साडेसहा’ अशी एकच वेळ ठेवली, की दुपार सत्रातली मुलगी आपोआप बाद होते, कारण ती सहाला शाळेतून सुटते. तिला सकाळी आठ ते साडेनऊ मोकळे असतात. तेव्हा मैदानही बरेच रिकामे असते. म्हणून दोन गट हवेत, सकाळ सत्राच्या मुलींसाठी संध्याकाळी साडेचार ते सहा आणि दुपार सत्राच्या मुलींसाठी सकाळी आठ ते साडेनऊ. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. साडेचारची वेळ आणखी एका कारणाने बरी आहे. सहाला मुली निघाल्या की सातच्या क्लासला पोहोचतात आणि थंडीच्या दिवसांतही अंधार पडायच्या आत रिक्षा स्टँड गाठतात. पालकांना खरी चिंता मैदानाची नसते, मैदानापासून घरापर्यंतच्या दहा मिनिटांची असते. दिवे बसवायचेच असतील, तर आधी फाटकापासून रस्त्यापर्यंतचे बसवावेत. मैदानात सरावापुरता साधारण ७५ ते १०० लक्स प्रकाश चालतो, पण वाटेवरच्या काळोख्या कोपऱ्याला पर्याय नाही.

अख्खे मैदान मागण्याची गरज नाही. पूर्ण मापाच्या मैदानाचे चार भाग केले, तर प्रत्येकी सुमारे ५० बाय ३२ मीटरची जागा मिळते. अशा एका भागावर सात-सात जणींचा सामना नीट होतो. अर्धे मैदान मिळाले तरी एका वेळी २८ मुली खेळतात, तर अकरा-अकराच्या सामन्यात पूर्ण मैदानावर २२ जणीच खेळतात आणि त्यांतल्या निम्म्या जणींच्या पायाला पाच-पाच मिनिटे चेंडू लागत नाही. नवशिक्या मुलींना मोठ्या मैदानावर लांब पळवणे, ही सगळीकडे होणारी चूक आहे. चार-चार जणींचे छोटे सामने घेतले की प्रत्येकीला चेंडू शेकडो वेळा मिळतो आणि खेळ लवकर हाती येतो.

साहित्याचा खर्च फार नाही. २४ मुलींच्या गटाला १२ चेंडू, संघ ओळखायला शर्टावर घालायची दोन रंगांची बारा-बारा बिबे, जागा आखायला ३० प्लास्टिकचे कोन आणि पीव्हीसी पाइपचे चार छोटे गोल पुरतात. आठ ते बारा वयाला ४ नंबरचा चेंडू द्यावा, त्याचा घेर ६३ ते ६६ सेंटिमीटर आणि वजन ३५० ते ३९० ग्रॅम असते. मोठ्यांसाठी ५ नंबर, ४१० ते ४५० ग्रॅमचा. लहान मुलीला ५ नंबरचा चेंडू दिला की तो हवेत जात नाही, तिचा घोटा दुखतो आणि ती टोकाने मारायला शिकते. ती सवय पुढे जाता जात नाही. आपल्या मुरमाच्या मैदानावर हाताने शिवलेल्या चेंडूचे आवरण लवकर सोलते. सरावाला मोल्डेड रबराचा चेंडू टिकाऊ, पण तो कडक असल्याने डोक्याने मारण्याचा सराव त्यावर घेऊ नये. हवा भरताना सुई कोरडी खुपसली की ब्लॅडर फाटतो, ग्लिसरीनचा थेंब लावायचा. शूजच्या बाबतीत तर पैसे वाया जाण्याची हमखास खात्री असते. लांब स्टडचे शूज गवतासाठी असतात, कडक मुरमात ते रुतत नाहीत आणि सगळा दाब टाचेवर आणि नडगीवर येतो. महिन्याभरात नडगी दुखायला लागते आणि मुलगी ‘मला झेपत नाही’ म्हणून घरी बसते. बारीक रबरी टोकांचे टर्फ शूज किंवा साधे कॅनव्हास त्याहून चांगले.

मुलींच्या शरीराचा विचार वेगळा करावा लागतो आणि इथेच अनेक प्रशिक्षक कमी पडतात. पौगंडावस्थेपासून मुलींच्या गुडघ्याचा एसीएल अस्थिबंध फाटण्याचे प्रमाण मुलांच्या किमान दुप्पट असते, तेही बहुधा कुणाचा धक्का न लागता, उडी मारून उतरताना किंवा पळता पळता दिशा बदलताना. त्यावर ‘इलेव्हन प्लस’ नावाचा फिफाचा वीस मिनिटांचा वॉर्मअप आहे. आधी आठ मिनिटे हळू पळणे, मग दहा मिनिटे पोट-मांड्यांची ताकद, एका पायावर तोल आणि उड्या, शेवटी दोन मिनिटे वेगाने पळणे. आठवड्यातून किमान दोनदा केला तर दुखापती ठळकपणे कमी होतात, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. साहित्य काही लागत नाही. पण उडी मारून उतरताना गुडघे आत वळतात की नाही, हे समोर उभे राहून बघणारे कुणी हवे. नुसते ‘दोन फेऱ्या मारा’ म्हणून भागत नाही.

दुसरी गोष्ट रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. अशी मुलगी पंधरा मिनिटांत धापा टाकते आणि आळशी ठरते. गटात आल्यावर महापालिकेच्या आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घेणे आणि लोहाच्या गोळ्या मिळवून देणे, हे त्याच महापालिकेच्या दुसऱ्या खात्याचे काम आहे. एका पत्राने होईल.

आणि स्वच्छतागृह. बारा-तेराव्या वर्षी मुली मैदान सोडतात, त्यामागे पाळीचा वाटा मोठा आहे. मैदानाला स्वच्छतागृह बहुधा असते, पण त्याला कुलूप असते, चावी वॉचमनकडे असते आणि वॉचमन नेमका साडेचारला चहाला गेलेला असतो. आतून लागणारी कडी, पाणी, झाकणाचा डबा आणि गटाच्या ताईकडे दुसरी चावी, एवढ्याने कितीतरी मुली टिकतील. ताई म्हटले ते जाणूनबुजून. फुटबॉल प्रशिक्षणाचा ‘डी’ परवाना (लायसन्स) असलेली महिला प्रशिक्षक प्रत्येक मैदानाला मिळेलच असे नाही. जिथे पुरुष प्रशिक्षक असेल तिथे पोलीस पडताळणी झालेली असावी आणि सोबत एक महिला मदतनीस पूर्ण वेळ हजर असावी.

मुली येतच नाहीत, हा आक्षेप ठाणे शहराच्या हद्दीतच खोटा ठरलेला आहे. मुंब्र्यात ‘परचम’ या गटाने २०१२ च्या सुमारास वेगवेगळ्या धर्मांच्या मुलींना एकत्र फुटबॉल खेळवायला सुरुवात केली. त्या मुलींनी पुढे मागितले ते बूट किंवा बक्षीस नव्हे, मुलींसाठी राखीव मैदान. त्यांना अडचण कुठे आहे ते अचूक कळले होते. डोक्यावर रुमाल बांधून खेळायला फिफाची २०१४ पासून परवानगी आहे आणि २०२३ च्या विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेंझिना हिजाब घालून खेळली. घोट्यापर्यंत लेगिंग आणि वर शॉर्ट्स घालून खेळायला नियमांची कसलीच आडकाठी नाही. पोशाखावरून मुलीला परत पाठवणारा नियम कुठे आडवा येत असेल, तर तो स्थानिक हट्ट समजावा.

हे मात्र खरे की राखीव वेळेत पहिले पाच-सहा आठवडे मैदान ओस वाटेल. सात मुली येतील, मग अकरा, मग परीक्षा येईल आणि परत पाच. त्याच वेळी कडेला उभ्या असलेल्या मुलांचा दबाव वाढतो. ‘रिकामेच तर आहे’ म्हणून कुणी नगरसेवकाकडे जातो आणि वेळ गुंडाळली जाते. असे उपक्रम बहुधा याच टप्प्यावर मरतात. म्हणूनच वर्षभराची लेखी हमी हवी. घरातून परवानगी मिळवायला, मैत्रिणीला सोबत आणायला आणि क्लासची वेळ बदलून घ्यायला मुलीला दोन-तीन महिने लागतात. मुलाला ते लागत नाहीत.

‘टर्फ आहेत की!’ असेही ऐकू येते, म्हणजे तासाच्या भाड्याने मिळणारी कृत्रिम गवताची छोटी मैदाने. घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत टर्फ झाले, हे चांगलेच आहे. पण तासाला बाराशे रुपये धरले आणि दहा मुलींत वाटले, तर दीड तासाचे डोकी १८० होतात. आठवड्यातून तीनदा म्हणजे महिन्याला दोन हजारांच्या वर. घरात एक मुलगा आणि एक मुलगी असेल, तर हे दोन हजार कुणासाठी निघतील, हे सांगायला नको.

पावसाळ्याचा प्रश्न उरतो, कारण विश्वचषक नेमका त्याच महिन्यात आहे आणि मुलींची हौस तेव्हाच जागी होणार. ओल्या मातीवर रोज खेळवले की माती दबून घट्ट होते आणि पाणी मुरणे थांबते, मैदान पुढचे वर्षभर सिमेंटसारखे राहते. म्हणून जून ते सप्टेंबर छताखाली यावे. सानपाड्याला उड्डाणपुलाखालची जागा खेळासाठी वापरून नवी मुंबईने वाट दाखवलेली आहे. शाळेचे सभागृह किंवा २० बाय १२ मीटरचा छपराखालचा ओटाही चालतो. तिथे फुटसालचा, म्हणजे छोट्या जागेतल्या फुटबॉलचा, कमी उसळीचा ४ नंबरचा चेंडू घ्यायचा आणि चार-चार जणींना खेळवायचे. लहान जागेत पास लवकर द्यावा लागतो, पायाचा तळवा वापरावा लागतो. ब्राझीलच्या कितीतरी खेळाडूंचा पाया फुटसालवरच पक्का झाला आहे. रात्री झालेल्या सामन्यातली पाच-सहा मिनिटे दुसऱ्या दिवशी सरावाआधी दाखवली, तर ती चौकातल्या पडद्यापेक्षा जास्त उपयोगी पडतील.

पाऊस ओसरला की मंडपांचे दिवस येतात. नवरात्र, दिवाळीची प्रदर्शने, सभा. मंडप निघाल्यावर खांबांचे खड्डे विटांच्या तुकड्यांनी किंवा खडीने बुजवतात, वर माती लोटतात आणि पंधरा दिवसांत ती माती खचते. घोटे मुरगळतात ते तिथे. खड्डा मुरमाने थराथराने भरायचा, प्रत्येक थराला पाणी मारून ठोकायचे आणि मग रोलर फिरवायचा. अनामत रक्कम हे बघितल्यावरच परत करावी. खिळे शोधायला चुंबकाची पट्टी ओढत फिरवणे हे दोन माणसांचे दोन तासांचे काम आहे.

ठरावाचा मसुदा एका परिच्छेदात मावतो. मैदानाचे नाव, कोणता अर्धा भाग, सोमवार-बुधवार-शुक्रवार, सकाळी आठ ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेचार ते सहा, वय आठ ते सतरा, शुल्क नाही. वेळ मुलींच्या नावाने द्यायची, कोणत्याही अकादमीच्या किंवा मंडळाच्या नावाने नाही, नाहीतर सहा महिन्यांत तिथे फी लागते आणि गणवेश सक्तीचा होतो. मंडपासाठी मैदान भाड्याने दिले, तर बुडालेले तास त्याच आठवड्यात जवळच्या दुसऱ्या मैदानावर भरून द्यायचे. खर्च महिला व बालकल्याणाच्या तरतुदीतून घालायचा. हे सगळे फाटकावर तेलरंगाने, मोठ्या अक्षरांत लिहायचे आणि त्याखाली ज्या अधिकाऱ्याकडे तक्रार करायची त्याच्या कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक द्यायचा.